वीरगळाचं थ्रीडी मॉडेल साध्या मोबाइलवर कसं उघडायचं?

दगडफूल

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या शिवमंदिरामागे एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, आहे. काळा बेसाल्ट, कमरेएवढी उंची, तीन चौकटी. खाली लढाई, मध्ये वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कलश. वरची चौकट इतकी झिजली आहे की सांगितल्याशिवाय कुणाला काही कळत नाही. ढगाळ दिवस बघून मी चहूबाजूंनी भरपूर फोटो काढले आणि फोटोग्रामेट्रीने (फोटोंवरून आकार उभा करायची पद्धत) त्याचं थ्रीडी मॉडेल केलं. झकास झालंय. पृष्ठभागाचे वीस लाख त्रिकोण, त्यावर चढवलेली ८१९२ पिक्सेलची चार चित्रं (टेक्श्चर), मॉडेलची जीएलबी फाइल दीडशे एमबीच्या वर.

आता देवस्थानची मंडळी तिथे फलक लावणार आहेत. फलकावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की मोबाइलवर वीरगळ उघडावा, बोटाने फिरवता यावा, चौकटीवर टिचकी मारली की माहिती दिसावी, एवढंच हवंय. पान तयार केलं. माझ्या फोनवर उघडतं. गुरवांच्या फोनवर मात्र पांढरा पडदा येतो, पान आपोआप परत लोड होतं, परत पांढरा पडदा. शिवाय गावात रेंजचा आनंदच आहे.

अॅप काढावं की ब्राउझरमध्येच ठेवावं? फाइल किती लहान करावी? कुणी असलं काही केलंय का?

आळसेश्वर

वाखूसा (वाचनखूण साठवली). जाणकारांच्या प्रतीक्षेत.

बारभाई

गुरवांना नवीन फोन घेऊन द्या. प्रश्न मिटला. (हलके घ्या.)

खटपट्या

दगडफूल, फाइल लहान करायच्या मागे लागू नका. म्हणजे करायचीच आहे, पण पांढरा पडदा फाइलमुळे येत नाही, मेमरीमुळे येतो.

जेपीईजी म्हणजे कच्ची कुरडई. डब्यात मावते म्हणून कढईत मावेल असं नाही. फोनच्या जीपीयूला (चित्र रंगवणाऱ्या चिपला) जेपीईजी कळत नाही, तो उलगडून प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट द्यावे लागतात. ८१९२ गुणिले ८१९२ गुणिले ४, म्हणजे एका टेक्श्चरला २५६ एमबी. त्यावर मिपमॅप (त्याच चित्राच्या लहान होत जाणाऱ्या प्रती) धरले की एक तृतीयांश आणखी, म्हणजे ३४१. तुमची चार आहेत. झाले सव्वा जीबीच्या वर! त्रिकोणांचं ओझं त्यामानाने काहीच नाही. वीस लाख त्रिकोणांना साधारण दहा लाख शिरोबिंदू, प्रत्येकी ३२ बाइट, अधिक त्यांचे क्रमांक. सगळं मिळून पंचावन्न-साठ एमबी. ब्राउझर एका टॅबला सव्वा जीबी देत नाही. तो टॅब मारतो आणि नव्याने उघडतो. गुरवांना तेच दिसतंय.

उपाय:

आधी मॉडेल चाळीस हजार त्रिकोणांवर आणा. ब्लेंडर या फुकट थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये होतं. मूळ वीस लाखांच्या मॉडेलवरचा बारकावा नॉर्मल मॅपमध्ये (पृष्ठभाग कुठे कुठल्या दिशेला कललाय ते साठवणारं चित्र) उतरवून घ्या (बेक करा), म्हणजे पृष्ठभाग सपाट असूनही उजेड कोरल्यासारखाच पडतो. चाराऐवजी २०४८ चं एकच रंगाचं टेक्श्चर करा.

मग टेक्श्चर केटीएक्स२ या फाइलप्रकारात बदला, बेसिस युनिव्हर्सल ही दाबायची पद्धत वापरून. ते फोनवर पोचल्यावर त्या फोनच्या जीपीयूला समजणाऱ्या रूपात जातं, एएसटीसी किंवा ईटीसी२, आणि मेमरीतही दाबलेलंच राहतं. रंगाला त्यातला ईटीसी१एस हा जास्त दाबणारा प्रकार चालेल, मेमरीत २ एमबी. नॉर्मल मॅपला मात्र ईटीसी१एस लावू नका, कोरीव काम लोण्यासारखं वितळलेलं दिसेल. तिथे युएएसटीसी हा दुसरा प्रकार, ४ एमबी. मिपमॅप धरून दोन्ही मिळून आठ एमबी. कुठे सव्वा जीबी आणि कुठे आठ.

त्रिकोण दाबायला ड्रेको किंवा मेशऑप्ट, दोन्हीतलं काहीही. ड्रेको जास्त दाबतो, पण फोनवर उलगडायला वेळ खातो आणि त्याचा उलगडणारा कोड (डीकोडर) मेशऑप्टच्या मानाने मोठा आहे. चाळीस हजार त्रिकोणांना मी मेशऑप्ट घेईन.

आळसेश्वर

कुरडई वाचून भूक लागली. बाकी डोक्यावरून गेलं, पण आदर वाटला.

मंजिरी_ठाणे

मी रसभंग करते. एका दगडासाठी एवढं कशाला? चार चांगले फोटो लावा, खाली मराठीत दोन परिच्छेद लिहा. देवळात आलेला माणूस दगडासमोरच उभा आहे. समोरचा खरा दगड सोडून मोबाइलमधला का फिरवेल? आम्ही कुठल्याशा संग्रहालयात गेलो होतो, तिथेही असा कोड होता. मुलाने स्कॅन केला, गोल फिरणारं चक्र बघत उभे राहिलो, शेवटी पुढच्या दालनात गेलो.

उंटावरचा

अॅप करा. युनिटी किंवा अनरियल, ही गेम बनवायची सॉफ्टवेअर. ब्राउझरमध्ये खरी ताकद मिळतच नाही.

बारभाई

@उंटावरचा, देवदर्शनाला आलेला माणूस एका दगडासाठी अॅप उतरवणार? आधी स्टोअर, मग परवानग्या, मग 'जागा अपुरी आहे, काही फोटो हटवा'. तोपर्यंत प्रसाद संपलेला असतो.

जुनाट_नोकिया

अॅप की ब्राउझर हे भांडण फार जुनं आहे, म्हणून थोडा इतिहास. (अवांतर वाटलं तर सोडून द्या.)

ब्राउझरमध्ये थ्रीडी ही कल्पना १९९४ सालच्या व्हीआरएमएल या थ्रीडी भाषेपासूनची. तेव्हा त्यासाठी वेगळं प्लगइन टाकावं लागे आणि डायल-अपवर एक खोली उघडायला चहा पिऊन यावं लागे. मोबाइलवर २००३ च्या सुमारास जावाचं थ्रीडीसाठीचं जेएसआर १८४ हे मानक आलं. माझ्या आयडीच्या नावातल्या कंपनीच्या फोनवर त्यातले थ्रीडी गेम चालायचे. पण ते सगळं अॅपमध्ये, आणि दर मॉडेलला वेगळी डोकेदुखी.

ब्राउझरला प्लगइनशिवाय थ्रीडी काढू देणारं वेबजीएल २०११ मध्ये आलं, पण आयफोनच्या सफारीत ते खुलं व्हायला आयओएस ८ म्हणजे २०१४ उजाडलं. वेबजीएल २ तर सफारीत थेट २०२१ ला. 'ब्राउझरमध्ये दम नाही' हे मत त्या काळातलं आहे. आता त्याच्या पुढचं वेबजीपीयूही आलंय, अँड्रॉइडच्या क्रोममध्ये २०२४ पासून. पण दगडफूल, तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका. गुरवांचा फोन जिथे आहे तिथे वेबजीएल पुरेसं.

दुसरं सुख फाइलच्या साच्याचं. पूर्वी प्रत्येक सॉफ्टवेअरचा वेगळा. क्रोनोस या मानकं ठरवणाऱ्या गटाने जीएलटीएफ (तुमची जीएलबी फाइल त्यातलीच) २०१५ मध्ये काढलं, २०१७ मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि बहुतेकांनी ती मान्य केली. ऑगमेंटेड रिअॅलिटी (कॅमेऱ्यातल्या दृश्यात मॉडेल उभं करणं) हवी असेल तर आयफोनला युएसडीझेड हा फाइलप्रकारही लागतो, ते वेगळं प्रकरण. देवळाच्या मागे तुम्हाला ती नको असावी.

खटपट्या

+१. वीरगळाशेजारी दुसरा आभासी वीरगळ उभा करून काय मिळणार?

वैदर्भी_आ

तंत्रातलं कळत नाही, वापरणाऱ्याची तक्रार सांगते.

ही थ्रीडी पानं उघडली की बोट अडकतं. माझे बाबा असंच एक पान बघत होते. वर मॉडेल, खाली माहिती. माहिती वाचायला त्यांनी बोट वर सरकवलं तर मूर्ती डोक्यावर उलटी झाली. परत सरकवलं, सुलटी झाली. पान काही हलेना, कारण मॉडेलने पूर्ण पडदा व्यापलेला आणि बोट ठेवायला मोकळी जागाच नाही. पाचेक मिनिटं मूर्तीला कोलांट्या घालून त्यांनी फोन माझ्या हातात दिला, 'हे तुमचं काहीतरी बिघडलंय'.

खटपट्या

@वैदर्भी_आ, लाखात एक प्रतिसाद. हे बनवणाऱ्यांना कधीच दिसत नाही, कारण ते माऊसने तपासतात.

दगडफूल, पानाच्या सीएसएसमधल्या टच-अॅक्शनला पॅन-वाय द्या. मग उभं बोट पान सरकवतं आणि आडवं बोट मॉडेल फिरवतं. कॅमेऱ्याच्या वरखालीला मर्यादा घाला, वीरगळाचा तळ बघायची कुणालाही गरज नाही. आणि मॉडेल पडद्याच्या साठ-सत्तर टक्के उंचीतच ठेवा.

उंटावरचा

अॅप राहू द्या. मग गॉसियन स्प्लॅटिंग (त्रिकोणांऐवजी लाखो धूसर रंगीत ठिपके, म्हणजे स्प्लॅट) करा! त्रिकोणांचा जमाना गेला. फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेतून २०२३ मध्ये तो शोधनिबंध आला तेव्हापासून सगळं जग तिकडे वळलंय. गवत, शेवाळ, दगडावरचा शेंदूर, सगळं फोटोसारखं दिसतं.

खटपट्या

दिसतं खरं. मीही प्रेमात आहे. पण हिशोब करा. मूळ पद्धतीत एका स्प्लॅटला ५९ आकडे, म्हणजे २३६ बाइट. दहा लाख स्प्लॅट म्हणजे २३६ एमबी. दाबायचे मार्ग आहेत, निअँटिक कंपनीने २०२४ मध्ये खुलं केलेलं एसपीझेड तंत्र फाइल दहापट लहान करतं. तरी दृश्य हललं की सगळे ठिपके खोलीप्रमाणे पुन्हा क्रमाने लावायचे आणि एकावर एक अर्धपारदर्शक थर रंगवायचे. स्वस्त फोनची धाप तिथेच लागते. शिवाय स्प्लॅटमध्ये फोटो काढतानाचा उजेड भिनलेला असतो, तो नंतर सहज बदलता येत नाही.

उंटावरचा

मग सर्व्हरवर चित्र काढा आणि फोनला फक्त व्हिडिओ पाठवा. कुठलाही फोन चालेल.

बारभाई

रेंजचा आनंद आहे असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय हो. बोट हलवलं आज, दगड फिरला गुरुवारी. गूगलने अशीच गेम चालवणारी स्टेडिया सेवा २०१९ मध्ये काढून जानेवारी २०२३ मध्ये गुंडाळली, आणि देवस्थानाने भाड्याचा जीपीयू सर्व्हर चोवीस तास चालू ठेवायचा? दानपेटी मोठी लागेल.

हेमलता क.

उशिरा आले. मी संग्रहालयात संवर्धनाच्या कामात आहे. मंजिरीताईंचा आक्षेप मला अर्धा पटतो, आणि त्या अर्ध्यातच उत्तर आहे असं वाटतं.

वीरगळ म्हणजे उठावाचं काम. बहुतेकांची मागची बाजू ओबडधोबड असते. तो गोल फिरवून प्रेक्षकाला काय दिसणार? पाठ. (चारी बाजूंनी कोरलेले वीरगळही असतात, पण दगडफूलांचा तसा वाटत नाही.) झिजलेलं कोरीवकाम दिसतं ते तिरप्या उजेडात. भर दुपारी देवळामागे उभं राहिलात तर खरा दगड समोर असूनही वरची चौकट सपाट दिसेल. तोच दगड सकाळी, ऊन कडेने आलं की बोलायला लागतो. अंधारात बॅटरी बाजूने धरून लेख वाचणाऱ्या कुठल्याही अभ्यासकाला विचारा.

यावर जुना, सोपा उपाय आहे. एचपीच्या प्रयोगशाळेत टॉम माल्झबेंडर यांनी २००१ मध्ये मांडला. कॅमेरा तिवईवर पक्का ठेवायचा, दिवा दर फोटोला वेगळ्या दिशेने धरायचा. त्यातून प्रत्येक पिक्सेलसाठी एक छोटं सूत्र निघतं, की उजेड इकडून आला तर हा पिक्सेल किती उजळ. मग पडद्यावर बोटाने दिवा फिरवायचा. त्याला आरटीआय (रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग) म्हणतात. क्यूनिफॉर्म या प्राचीन लिपीच्या मातीच्या पाट्या, नाणी, शिलालेख यांवर भरपूर वापर झालाय. फोनला तर हे अगदी हलकं, दोन-तीन टेक्श्चर आणि थोडं गणित.

तुमच्याकडे बारीक मॉडेल आधीच आहे, तेव्हा नव्याने फोटोही काढायला नकोत. खटपट्या सांगतात त्या नॉर्मल मॅपवरच हे होईल. दगड जवळजवळ स्थिर ठेवा, थोडाच डावीउजवीकडे हलू द्या, आणि बोटाला उजेड बांधा. मंजिरीताई, दगडासमोर उभ्या माणसाला खऱ्या दगडावर सूर्य हलवता येत नाही. मोबाइल उघडायचं कारण ते.

मंजिरी_ठाणे

हे पटलं. म्हणजे हे बघायला मी फोन काढेन.

खटपट्या

हेमलताताई, सलाम. आणि यात एक फायदा आणखी. दगड स्थिर असला की मागच्या बाजूचे त्रिकोण, टेक्श्चर सगळं काढून टाकता येतं, वाचलेले पिक्सेल पुढच्या चौकटींना. पानात थ्रीडी दाखवणाऱ्या तयार व्ह्यूअर टॅगमध्ये बोटाने दिवा हलवायची सोय मिळणार नाही, थ्री-जेएस या जावास्क्रिप्ट लायब्ररीत हाताने लिहावं लागेल. फार नाही.

बारभाई

अवांतर: बोरिवलीच्या एकसरचे वीरगळ कुणी पाहिलेत का? त्यावर चक्क जहाजांची लढाई आहे, वल्ह्यांच्या रांगा कोरलेल्या. ते असे उजेडात बघायला मिळाले तर मजा येईल.

आळसेश्वर

पाहिलेत. दुपारी गेलो होतो. वल्ही शोधावी लागली.

वैदर्भी_आ

आमच्याकडे लोक असल्या दगडांना शेंदूर आणि तेल फासतात. त्याचं काय?

हेमलता क.

तेल चकाकतं, आणि चकाकीची जागा फोटोगणिक बदलते, त्यामुळे फोटोग्रामेट्री तिथे खड्डे-टेंगळं करते. ढगाळ दिवस घेतला ते बरं केलंत. पण फोटोसाठी पूजेतला दगड घासायला जाऊ नका. वीरगळ संरक्षित स्मारकात असेल तर आधी पुरातत्त्व खात्याला विचारा.

जुनाट_नोकिया

कुणीतरी सुचवेल त्याआधीच सांगतो. फुकटच्या थ्रीडी संकेतस्थळावर मॉडेल चढवून त्याचा दुवा फलकावर कोरू नका. गूगलचं असंच पॉली २०१७ मध्ये आलं आणि ३० जून २०२१ ला बंद झालं. स्केचफॅब हे तसलंच संकेतस्थळ २०२१ मध्ये एपिक कंपनीने घेतलं. तिथे प्रत ठेवा हवी तर, पण फलकावरचा पत्ता स्वतःच्या डोमेनचा असू द्या. ग्रॅनाइटवर कोरलेला क्यूआर कोड बदलता येत नाही.

दगडफूल

सगळ्यांचे मनापासून आभार. मध्ये काही दिवस गायब होतो, कारण हेच करत होतो.

पुढची बाजू तेवढी ठेवली, अडतीस हजार त्रिकोण, २०४८ ची दोन टेक्श्चर. सगळं मिळून साडेतीन एमबीच्या आत बसलं. गुरवांच्या फोनवर उघडलं. रेंजसाठी असं केलं की आधी साधा फोटो आणि माहिती येते, फोटोवर टिचकी मारली तरच मॉडेल उतरतं, आणि एकदा उतरलं की ते फोनमध्येच राहतं. ज्यांचा फोन वेबजीएल नाहीच म्हणतो त्यांना मंजिरीताईंचे चार फोटो दिसतात, वेगवेगळ्या उजेडातले.

आता गंमत. उजेड डावीकडून अगदी तिरपा आणला तर वरच्या चौकटीत लिंगाच्या बाजूला बसलेला पुजारी आणि समोर हात जोडलेला वीर स्पष्ट दिसतात. खालच्या चौकटीत लढणाऱ्यांच्या पायाशी जे खडबडीत होतं, ती मला गुरं वाटतायत. शिंगं दिसतात. म्हणजे हा गोधन वाचवताना पडलेला वीर असावा का? गावात याबद्दल काहीच कथा नाही.

अडचण एकच. दोन मिनिटं खेळलं की फोन तापतो आणि अडखळायला लागतो. मंदिर उघड्यावर, ऊन रणरणतं.

खटपट्या

अभिनंदन! तापण्याची बहुतेक दोन कारणं. एक, तुम्ही सेकंदाला साठ वेळा चित्र काढताय, बोट हललं नाही तरी. फक्त बोट हललं तेव्हाच काढा. दुसरं, फोनच्या पडद्याचं पिक्सेल गुणोत्तर (पानाच्या एका पिक्सेलमागे पडद्याचे किती, आडवे आणि उभे) ३ असेल तर तुम्ही नऊपट पिक्सेल रंगवताय. ते १.५ वर बांधून ठेवा, काम एका झटक्यात चौथाई होतं आणि उन्हात फरक कुणाला कळत नाही.

आणखी एक. मध्येच फोन आला, माणूस बोलून परत आला की कधीकधी मॉडेलच्या जागी काळा चौकोन असतो. ब्राउझरने जीपीयूची मेमरी काढून घेतलेली असते. ब्राउझर तेव्हा कॉन्टेक्स्ट-लॉस्टची सूचना देतो, ती पकडा आणि परत आल्यावर टेक्श्चर पुन्हा चढवा.

हेमलता क.

गुरांबद्दल जरा दमानं. गुरं वाचवताना पडलेल्या वीरांच्या वीरगळांवर तळाशी गुरं कोरलेली असतात, त्यामुळे अंदाज चुकीचा नसेलही. पण नॉर्मल मॅपची तीव्रता किती ठेवलीत? ती वाढवली की दगडावरचा प्रत्येक पोपडा शिंग दिसायला लागतो. पहाटे बॅटरी घेऊन खऱ्या दगडावर त्याच बाजूने उजेड टाकून बघा. पानावरही तीव्रता खरी तेवढीच ठेवा, नाहीतर उद्या लोक त्यात विमान शोधतील.

बारभाई

शोधणारच. फलकाखाली दुसरा फलक लावा.

दगडफूल

@हेमलता क., तीव्रता दीडपट होती. एकवर आणली. एक शिंगजोडी राहिली, दुसरी गेली! बॅटरी घेऊन जातो.

@खटपट्या, १.५ केल्यावर बराच फरक पडला. काळा चौकोन मलाही दिसला होता, फोनच बिघडलाय असं समजून बसलो होतो. बघतो.

आळसेश्वर

दुवा द्या की राव. एवढं वाचून नुसती कुरडईच हाती लागली.

दगडफूल

फलक लागला की इथेच देतो. त्याआधी चाचणी हवी आहे. ज्यांच्याकडे चार-पाच वर्षं जुना, दोन-तीन जीबी रॅमचा अँड्रॉइड किंवा जुना आयफोन पडून असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नवे, महागडे फोनवाले थोडं थांबा.